डिश गच्चीवर, नेट घरभर: उपग्रह इंटरनेट वाटून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅमिंग्टन रोडवर केबल-राउटर घ्यायला येणारी मंडळी, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि गावच्या घरी डिश बसवायला निघालेले मुंबईकर हे प्रश्न हमखास विचारतात. उत्तरं घरगुती नेटवर्कपुरतीच आहेत. ऑफिससाठी भाड्याने घेतलेल्या व्हीसॅट लाइनचं, म्हणजे छोट्या डिशने उपग्रहावरून चालणाऱ्या जोडणीचं, गणित वेगळं असतं.

मुंबईत दारापर्यंत फायबर आलंय. मग डिश कशाला?

बहुतेकांना नकोच. इमारतीत फायबर असेल तर तेच घ्या, वेगात आणि पैशात ते सरस आहे. डिशचा विचार दोन प्रकारच्या लोकांनी करावा. ज्यांचं दुसरं घर मुरुडच्या पुढे, कर्जतच्या आडबाजूला किंवा दापोली-गुहागरकडे अशा जागी आहे, जिथे मोबाइलला एकच दांडी येते आणि तीही ओसरीच्या ठरावीक कोपऱ्यात. आणि ज्यांचं काम तासभरही बंद पडून चालत नाही; रस्ता खोदताना केबल तुटली तरी ज्यांना पर्याय हवा. या शहराला उपग्रहावरचं नेटवर्क नवं नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ साली देशभरातल्या दलालांना व्हीसॅटनेच जोडलं होतं.

सगळं उपग्रह इंटरनेट सारखंच ना?

अजिबात नाही, आणि पुढची निम्मी उत्तरं या फरकावरच उभी आहेत.

पहिला प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. ते विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखे वाटतात. ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडियाने इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वरून सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा या जातीची. दुसरा प्रकार खालच्या कक्षेतल्या झुंडीचा: स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० किलोमीटरवर. ते डोक्यावरून सतत पळत असतात, आणि अँटेना काही मिनिटांत एकाला सोडून दुसऱ्याला धरतो.

फरक पडतो तो लेटन्सीत, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळात. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायला सिग्नलला जवळपास पाव सेकंद लागतो. तुमची मागणी एकदा वर जाऊन खाली येते, उत्तरही तसंच येतं. म्हणजे नुसत्या अंतरापायी अर्धा सेकंद गेला. यंत्रांचा वेळ धरून पिंग, म्हणजे मोजलेली लेटन्सी, ६०० मिलिसेकंदांच्या पुढे दिसतो. खालच्या कक्षेत तोच साधारण २५ ते ६० मिलिसेकंद असतो. कुठलाही महागडा राउटर हा अर्धा सेकंद परत आणू शकत नाही. दुकानदार काहीही म्हणो.

एका डिशवर घरात किती कंप्युटर, किती मोबाइल चालतात?

साध्या घरगुती राउटरच्या हिशोबात २५३-२५४ पत्ते बसतात, तेव्हा संख्येची चिंता नको. कंपनी तुम्हाला बाहेरचा एक आयपी पत्ता देते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो आणि आत-बाहेरच्या निरोपांची नोंद ठेवतो. या कामाला नॅट म्हणतात. चाळीला पोस्टाचा पत्ता एकच असतो आणि खोली नंबर आतले आत, तसंच हे.

खरा प्रश्न वेगळा आहे. फायबरवर घरातले फक्त वेग वाटून घेतात, आणि तो इतका असतो की कोणाला कळतही नाही. डिशवर तीन गोष्टी वाटल्या जातात: वेग, महिन्याचा डेटा आणि बाहेर जाणारी अपलोडची चिंचोळी वाट. त्यातली अपलोडची वाट सगळ्यात आधी तुंबते. त्यामुळे घरभर नेट देणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. कोणतं यंत्र कधी आणि किती खाणार हे राउटरवर ठरवणं हे खरं काम.

जोडणी नक्की कशी करायची?

डिश ते मोडेम, मोडेम ते राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरचं नेट आत घेणारा), राउटर ते बाकी सगळं. भूस्थिर डिशकडून मोडेमपर्यंत आरजी-६ जातीची कोॲक्स केबल येते. मोडेमच्या मागे साधा इथरनेट पोर्ट असतो, त्यातून राउटरला जोडायचं. खालच्या कक्षेच्या संचात मोडेम डिशमध्येच असतो आणि सोबत कंपनीचा वाय-फाय राउटर येतो. अशा काही राउटरना इथरनेट पोर्टच नसतो, अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. ते आधी विचारून घ्या, नाहीतर वायर ओढून झाल्यावर कळतं.

डेस्कटॉप, टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना शक्यतो वायरच द्या.

घरात जुना राउटर पडून आहे. तो कंपनीच्या राउटरमागे लावला तर?

चालतो, पण नुसता लावून दिलात तर एकामागे एक दोन नॅट होतात. ब्राउझिंगला काही जाणवत नाही. मात्र गेम, काही व्हिडिओ कॉल आणि प्रिंटर अडतात, कारण एका राउटरवरचा फोन दुसऱ्यावरच्या प्रिंटरला बघू शकत नाही. यातून सुटायला दोन वाटा आहेत. कंपनीचा राउटर बायपास किंवा ब्रिज मोडला टाकून सगळं काम तुमच्या राउटरकडे द्या, किंवा उलट तुमचा जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाकून त्याला फक्त वाय-फाय पुरवायला ठेवा. जुना राउटर चार-पाच वर्षांपूर्वीचा स्वस्तातला असेल तर दुसरी वाट बरी.

आणखी एक नेहमीची अडचण: दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. मग कोण कोणाला उत्तर देतंय याचा पत्ता लागत नाही आणि नेट येतं-जातं. तुमच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करा. मात्र १९२.१६८.१०० ची मालिका घेऊ नका. स्टारलिंकची डिश आपलं स्थितीचं पान १९२.१६८.१००.१ वर दाखवते, ते दिसेनासं होईल.

राउटर न घेता कंप्युटरमधूनच इतरांना नेट देता येतं म्हणे?

येतं. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, ही सोय विंडोजमध्ये आहे. नेटवर्क कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, एक खूण, झालं. तो कंप्युटर स्वतः १९२.१६८.१३७.१ होऊन बसतो आणि बाकीच्यांना पत्ते वाटतो. जुन्या काळी उपग्रहाचे मोडेम थेट कंप्युटरलाच जोडलेले असत, तेव्हा हाच मार्ग होता.

आज मात्र तो तासाभराच्या अडचणीपुरता ठेवा. तो कंप्युटर झोपला की सगळ्या घराचं नेट झोपतं, आणि आजोबांचा सामना ऐन शेवटच्या षटकात थांबला की तुमची खैर नाही. लॅपटॉपचा मोबाइल हॉटस्पॉट वापरलात तर विंडोजवर आठच यंत्रं जोडली जातात.

स्पीड टेस्ट झकास येते, तरी पान उघडायला वेळ का लागतो?

भूस्थिर जोडणीवर हे होणारच. पान उघडण्याआधी कंप्युटरला बऱ्याच फेऱ्या माराव्या लागतात. साइटचं नाव देऊन पत्ता मिळवायचा, ही एक फेरी. सर्व्हरशी ओळख करायची, दुसरी. मग कुलूपबंद जोडणीची बोलणी, एक किंवा दोन. त्यानंतर पानाची मागणी. प्रत्येक फेरीला सहाशे मिलिसेकंद धरले तर पहिलं अक्षर दिसायच्या आतच अडीच-तीन सेकंद गेले. पुढे पानावर दहा ठिकाणच्या जाहिराती असतील तर त्यातल्या प्रत्येकासाठी पुन्हा नवी बोलणी. स्पीड टेस्ट मात्र एकदा सुरू झाली की सलग ओढत राहते, म्हणून आकडा छान येतो.

यावर घरात दोन उपाय होतात. राउटरला नावं-पत्ते लक्षात ठेवू द्या, म्हणजे डीएनएस कॅश चालू ठेवा. एकाने उघडलेली साइट दुसऱ्याला एक फेरी कमी लागून मिळते. दुसरा उपाय जाहिराती अडवण्याचा. फायबरवर ती हौस असते, भूस्थिर डिशवर तो सरळ फायदा आहे, डेटाही वाचतो.

व्हिडिओ मात्र या जोडणीवरही छान चालतो, एकदा सुरू झाला की. कॉलचं तसं नाही: समोरच्याचं बोलणं संपलं असं वाटून आपण बोलायला जातो आणि दोघं एकदम बोलतो. घरच्यांना सांगून ठेवा, बोलून झालं की एक श्वास थांबा. ऑनलाइन गेमचं नावच काढू नका. त्यासाठी खालच्या कक्षेची जोडणीच हवी.

मुलीने फोन चार्जिंगला लावला की सगळ्यांचं नेट बसतं. योगायोग?

नाही. चार्जिंगला लागलेला फोन वाय-फाय दिसताच दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला घेतो. अपलोडची वाट भरते, मोडेममध्ये रांग लागते, आणि बाकीच्यांच्या लहानसहान मागण्या त्या रांगेत मागे उभ्या राहतात. डाउनलोड मोकळं असूनही काही उघडत नाही, कारण मागणीच बाहेर पडत नाही.

राउटरमध्ये क्यूओएस किंवा स्मार्ट क्यू (कोणाला आधी सोडायचं हे ठरवणारी सोय) असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. रांग मग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि राउटर लहान मागण्यांना पुढे सोडतो. खालच्या कक्षेच्या जोडणीचा वेग क्षणाक्षणाला बदलतो, तिथे ठरावीक आकडा नीट बसत नाही; जरा खालचाच धरा. आणि क्यूओएस नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री दोननंतर.

महिन्याचा डेटा पंधरा दिवसांत संपतो. कोण खातंय?

माणसांपेक्षा यंत्रांवर संशय घ्या. राउटरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक यंत्राचा हिशोब दिसतो, तो आठवडाभर बघा. बहुतेक घरांत तीन आरोपी सापडतात. पहिला टीव्ही: एचडीचा एक तास म्हणजे ३ जीबीपर्यंत, फोर-के म्हणजे ७ जीबीपर्यंत. टीव्हीवर रिझोल्यूशन कायमचं खाली ठेवा. बत्तीस इंची पडद्यावर फरक कळत नाही. दुसरा, फुटेज ढगात पाठवणारा कॅमेरा. त्याला मेमरी कार्ड किंवा घरातला रेकॉर्डर द्या आणि हालचाल झाली तरच पाठव, असं सांगा. तिसरं विंडोजचं अपडेट. सगळ्या कंप्युटरवर ही जोडणी मीटर्ड, म्हणजे मोजून मिळणारी, म्हणून नोंदवा. महिन्यातून एकदा एकाच कंप्युटरवर ती खूण काढून अपडेट उतरवू द्या. मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (एका कंप्युटरचं अपडेट दुसऱ्याला देण्याची विंडोजची सोय) लोकल नेटवर्कपुरतं चालू करून बाकीच्यांवरचीही खूण थोडा वेळ काढा. बराचसा भाग ते घरातल्या घरात, पहिल्याकडूनच घेतात. चार लॅपटॉपच्या घरात हा फरक ठसठशीत दिसतो.

पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढून त्यावर वेगाची मर्यादा घाला. गणपतीत गावच्या घरी पंधरा-वीस फोन एकदम जोडले जातात आणि प्रत्येकाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरलेला असतो.

ऑफिसचं व्हीपीएन फार संथ चालतं.

भूस्थिर मोडेम एक युक्ती करतो. सर्व्हरची पोच यायला अर्धा सेकंद लागतो, म्हणून मोडेम स्वतःच कंप्युटरला पोच देऊन टाकतो, म्हणजे पाठवणारा थांबत नाही. व्हीपीएनमध्ये, म्हणजे ऑफिसपर्यंतच्या खासगी वाटेत, सगळं कुलूपबंद असतं. मोडेमला आतलं दिसत नाही, युक्ती बंद पडते. ऑफिसच्या आयटीवाल्यांना विनंती करा की फक्त ऑफिसची रहदारी व्हीपीएनमधून जाऊ द्या, बाकी थेट. याला ते स्प्लिट टनेल म्हणतात. तयार झाले नाहीत तर मोठ्या फाइली रात्री. खालच्या कक्षेत ही तक्रार सहसा येत नाही.

गावच्या घराचा कॅमेरा दादरच्या घरी बसून दिसेल?

दिसेल, पण पोर्ट फॉरवर्डिंगने, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायला दार उघडून, नव्हे. कंपनी बहुधा एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मध्ये कुठे दिसली तर तुम्ही त्यातलेच. बाहेरून आत यायला दार नसतं, म्हणून कॅमेऱ्याने स्वतः बाहेर हात पुढे केला पाहिजे. कॅमेरा कंपनीचं अ‍ॅप हेच करतं. किंवा घरातल्या एका छोट्या कंप्युटरवर खासगी टनेल बसवा. एक गोष्ट जरूर करा: पासवर्ड बदला. डबीवर छापलेला ठेवू नका.

मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये दोष बऱ्याचदा शेजाऱ्यांचा असतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका मजल्यावर दहा राउटर. ५ गिगाहर्ट्झ वापरा. कोकणातल्या घराची गोष्ट उलटी: तिथे गर्दी नाही, पण जांभ्याच्या जाड भिंती आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीला दम तोडतो. तिथे मेशच्या (एकमेकांना जोडून वाय-फाय पुढे नेणाऱ्या) डब्या विकत घेण्याआधी माडीपर्यंत एक वायर ओढून टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. मेशही वायरवर ठेवलं तरच खरं चालतं.

वायर घेताना कॅट-६ लिहिलंय एवढं बघून भुलू नका. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत द्या. अशी तार वाकवली की तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली तर लांब अंतरावर गरम होते, कॅमेरा रात्री बंद पडतो. शुद्ध तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. उन्हापावसात जाणारी केबल काळ्या बाहेरच्या आवरणाचीच घ्या, आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकतं. झोळ नसेल तर पहिल्याच पावसात पाणी केबलवरून ओघळत थेट राउटरपर्यंत येतं.

मुंबईच्या पावसात डिश चालेल?

मेमध्ये बसवलेली डिश जूनमध्ये बंद पडते, यात पावसाइतकाच हात ताडपत्रीचा असतो. पागोळ्यांपासून वाचवायला लोक गच्चीवर निळी ताडपत्री ताणतात आणि डिश तिच्याखाली जाते. कोरड्या ताडपत्रीतून सिग्नल बऱ्यापैकी येतो, ओली झाली की बसतो. सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातली असेल तर विषयच संपला. डिश शेडच्या वर, खांबावर.

पावसाचं म्हणाल तर केयू आणि त्याहून वरचा केए, हे उपग्रहाच्या लहरींचे दोन्ही पट्टे जोरदार सरीत अडखळतात, केए जास्त. यंत्रणा आधी वेग कमी करून तग धरते, सर फारच मोठी असली तर काही मिनिटं जोडणी जाते. रिमझिमीने काही होत नाही. २६ जुलै २००५ सारख्या दिवशी, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, कोणतीही डिश दिवसभर टिकेल अशी आशा धरू नये.

उन्हाचाही एक प्रकार आहे. मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर भूस्थिर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही दिवस रोज काही मिनिटं सिग्नल बुडवतो. जीसॅट-११ साठी मुंबईत ही वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास पडते. या सूर्यापायी शेअर बाजारालाही एकेकाळी व्यवहाराच्या वेळा बदलाव्या लागत. तेव्हा मोडेम रिसेट करत बसू नका, जेवून घ्या.

आमच्या चहूबाजूंना टॉवर आहेत. जमेल का?

इथे एक उफराटी गोष्ट आहे. जुन्या पद्धतीची भूस्थिर डिश मुंबईत बसवायला सोपी जाते. जीसॅट-११ ७४ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्या जवळपास सरळ दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच. दक्षिणेचा टॉवर २० मीटरवर असेल तर तो तुमच्या डिशपेक्षा ४७ मीटर तरी उंच असला पाहिजे, तरच आड येतो. खालच्या कक्षेच्या अँटेनाला मात्र आकाशाचा मोठा घेर मोकळा लागतो. बाजूला टॉवर असला की दर थोड्या वेळाने कॉल तुटतो. कंपनीच्या अ‍ॅपने आधी आकाश तपासा, मगच खांब ठोका.

गच्चीवर डिश लावायला सोसायटीची परवानगी लागते?

लागते, गच्ची सामाईक असते. मॅनेजिंग कमिटीला लेखी अर्ज द्या आणि त्यात खांब कुठे, केबल कुठल्या डक्टमधून आणि वॉटरप्रूफिंगला भोक पडणार नाही, हे तिन्ही लिहा. शेवटचं लिहिलंत तर निम्मा विरोध मावळतो. खांबाला अर्थिंग द्या. समुद्राजवळ नट-बोल्ट स्टेनलेसचेच.

शेजाऱ्याला वायर टाकून अर्धे पैसे घेतले तर?

नका करू. पैसे घेऊन इंटरनेट देणं म्हणजे सेवा विकणं. त्याला परवाना लागतो आणि कंपनीचा घरगुती करारही ते मना करतो. शिवाय त्या पत्त्यावरून शेजाऱ्याने काही उद्योग केले तर नोंद तुमच्या नावाची. सार्वजनिक वाय-फाय द्यायचंच असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे, तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय नेट विकता येतं. पण त्यासाठी तसं कनेक्शन घ्यावं लागतं.

भाऊ दुबईहून डिश घेऊन येतोय. चालेल?

नाही. भारतात उपग्रह टर्मिनल विनापरवाना बाळगणं, चालवणं बेकायदा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने स्टारलिंकची आगाऊ नोंदणी करू नका, असं लोकांना जाहीरपणे सांगितलं होतं, कारण तेव्हा परवाना नव्हता. तो जून २०२५ मध्ये मिळाला. परवाना कंपनीला मिळाला म्हणून बाहेरून आणलेली डिश कायदेशीर होत नाही. इथले ग्राहक म्हणून, इथेच नोंदलेला संच घ्या.

फायबर आणि डिश दोन्ही एकत्र वापरता येतील?

येतील, दोन वॅन पोर्टचा राउटर घ्या. सेटिंगमध्ये लोड बॅलन्स आणि फेलओव्हर असे दोन पर्याय दिसतील. फेलओव्हरच निवडा: फायबर चालू तोवर डिश शांत, फायबर गेलं की डिश. लोड बॅलन्समध्ये एक मागणी इकडून, दुसरी तिकडून जाते, आणि बँकेची साइट मध्येच पत्ता बदललेला बघून तुम्हाला बाहेर काढते. डिशवर गेल्यावर टीव्ही आणि कॅमेरे आपोआप बंद होतील असा नियमही लिहून ठेवा.

लाइट गेली तर?

राउटरला दहा-पंधरा वॉट पुरतात, खालच्या कक्षेच्या नेहमीच्या डिशला ५० ते १०० वॉट लागतात. वायफायसाठी मिळणारा छोटा यूपीएस तिला पुरत नाही, इन्व्हर्टरवर घ्या.

डिशसोबत आलेली केबल आखूड पडते. मध्ये कापून जोड दिला तर?

आरजी-६ असेल तर नीट एफ-कनेक्टर आणि पाणीरोधक टेप लावून एक जोड खपतो. खालच्या कक्षेच्या संचाची केबल कापू नका; तिच्यातून डिशची वीजही जाते. कंपनीची लांब केबल मागवा, किंवा राउटरच डिशजवळ ठेवून पुढे साधी कॅट-६ ओढा.